झोपलं की तुटतं

फोटोत एक खोली होती. भिंतीला लागून पलंग, त्यावर कडक घडीची चादर, खिडकीत एक कुंडी, आणि उशाच्या वर भिंतीतून लोंबणारी लाल दोरी. खाली ताईनं लिहिलं होतं, ‘हवेशीर आहे ना? शनिवारपर्यंत हो-नाही सांगायचंय. आज तू बाबांच्या कानावर घाल.’ त्याच्या डाव्या हातात गोदामातला एक स्कॅनर होता, उजव्या हातात फोन, आणि त्या दोरीकडे बघता बघता त्याला उगाचच वाटलं, की ही कुणीतरी केव्हाच ओढलेली आहे, फक्त आपल्याला ऐकू आलेलं नाही.

“डॉक्टर, बाळाला काय झालंय ते सांगताय, की नुसतेच बसताय?” टेबलासमोर मावशी उभी होती. मावशी म्हणजे गोदामातली सगळ्यांत जुनी बाई. ऑर्डर आली की उंच उंच फडताळांमधून नेमका खोका शोधून आणायचा हे तिचं काम, आणि खोक्यावरच्या रेघा वाचायला, पुढची ऑर्डर कळायला कमरेला हे यंत्र. असली सगळी यंत्रं तो दुरुस्त करायचा, म्हणून इथं त्याला सगळे डॉक्टर म्हणत. “हातात घेतलं की हसतं,” मावशी सांगू लागली, “कमरेला अडकवलं की डोळे मिटतं. मग वरून ऑर्डर येते ती ह्याला पोचतच नाही, आणि साहेब म्हणतो, मावशी ऐकत नाही. माझ्या सासूचं कसं होतं, कुणी बघायला आलं की ती आजारी. ह्याचं उलटं. कुणी बघायला आलं की ठणठणीत.”

हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. झोपलं की तुटतं, एवढंच त्याचं नाव. बॅटरी पुरावी म्हणून ही यंत्रं पडदा काळा झाला की आतून एकेक खिडकी लावत जातात, आणि सगळ्यांत शेवटी हवेतून येणारी हाक ऐकणारा कानही मिटून घेतात. तिकडे भिंतीवरचा वायफायचा डबा थोडा वेळ हाका मारून बघतो, मग हा गडी गेला असं समजून त्याचं नाव खोडतो. यंत्राला मात्र पत्ताच नसतो. ते झोपेत आपल्याच घरात असतं. आणि तपासायला म्हणून कुणी हातात घ्यावं, तर त्या स्पर्शानंच ते जागं होतं, धावत जाऊन परत जोडलं जातं, आणि भाबडं तोंड करून सांगतं, जोडलेलं आहे की! नवशिके इथंच फसतात. उचलून बघतात, म्हणतात, काही झालेलं नाही. झोपेतलं दुखणं हात लावून कळत नाही. लांब बसून, न हलवता, त्याच्या श्वासावर नजर ठेवावी लागते. मावशीच्या यंत्रात ‘झोपेत वायफाय चालू ठेवा’ अशी एक ओळ होती, तिथलं ‘कधीच नाही’ बदलून त्यानं ‘नेहमी’ केलं. मावशीनं ते कानाशी धरून हलवून बघितलं. “आता जागं राहील?” “नाही मावशी, झोपेल. पण कान उघडा ठेवून झोपेल.” “आईसारखं म्हणा की,” असं म्हणत ती फडताळांमध्ये दिसेनाशी झाली, आणि तो त्या एका शब्दापाशी एकटा राहिला.

बाबांच्या फोनचंही हेच होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. बाबा अजून त्याच जुन्या दोन खोल्यांत राहत, तळमजल्याला, मागच्या बाजूला. आजूबाजूला उंच इमारती उठल्या आणि त्या खोल्या विहिरीच्या तळाशी गेल्यासारख्या झाल्या. टॉवरची रेंज तिथं पोचत नाही. म्हणून त्यानं वायफाय बसवून दिलं होतं, आणि फोन त्यावरूनच यायचे. सकाळी येत, संध्याकाळी येत. दुपारी मात्र एक अनोळखी, गोड आवाजाची बाई सांगायची, आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता ते उपलब्ध नाहीत. ताई दुसऱ्या शहरात, एका शाळेची मुख्याध्यापिका. जेवणाच्या सुट्टीत तिला वेळ मिळायचा तो नेमका दुपारचा. गेल्या महिन्यात तिनं दुपारभर फोन केले, शेवटी रडत शेजारच्या शिंपीकाकांना केला. काकांनी दार बडवलं, हाका मारल्या, चार माणसं गोळा केली, सुतार बोलावला, आणि सुतार कडीला पटाशी लावणार तेवढ्यात बाबांनी दार उघडलं. “काय झालं?” म्हणाले. चार माणसं, एक सुतार, आणि अंगात बनियन घातलेला, डोळे चोळणारा एक म्हातारा. काकांनी नंतर हसत सांगितलं, “तुमचे वडील म्हणजे कमाल आहे, आम्ही वरात आणली आणि नवरदेव झोपलेला.” पण ताई हसली नाही. तेव्हापासून तिनं वृद्धाश्रमात खोली शोधायला घेतली. “तुला फोन बिघडलेला दिसतो,” ती त्याला म्हणाली, “मला माणूस दिसतं. तू गेल्यावर तो फोन चालतो ना? मग मी केल्यावर का चालत नाही? बारक्या, फोनला काही झालेलं नाही. बाबांना ऐकू येईनासं झालंय, किंवा कळेनासं. आणि एक दिवस त्या कडीच्या आत...” पुढचं ती बोलली नाही. त्यानं फोन दुरुस्त करून दाखवतो म्हणून मुदत मागितली होती. ती मुदत शनिवारी संपत होती.

अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तो निघाला. गल्लीच्या तोंडाशी आला आणि त्याची पावलं आपोआप हलकी झाली. इतक्या वर्षांनंतरही त्या गल्लीत दुपारी तो टाच टेकवून चालत नसे. बाबा शहराच्या पाणीपुरवठ्यात रात्रपाळीचे पंपवाले होते. सगळी माणसं निजली की ते टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवायचे, आणि सकाळी लोक नळ सोडून तोंड धुवायला लागले की घरी येऊन पाठ टेकायचे. त्यामुळे त्यांच्या घरी रात्र दोनदा व्हायची. एक सगळ्यांची, आणि एक आईनं हातानं केलेली. आई पडदे ओढायची, खिडकीच्या फटीत फडकं कोंबायची, खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधायची, दाराच्या घंटीची तार काढून उशाखाली ठेवायची. भांडी घासायची ती पाण्यात बुडवून, आवाज पाण्यातच विरावा म्हणून. त्याला आणि ताईला भांडायचं झालं तर मुकं भांडावं लागे. ताई चिमटा काढायची, तो तोंड उघडून बिनआवाजाचा रडायचा, आणि त्याचं ते रडणं बघून ताईला हसू फुटायचं, मग दोघं उशीत तोंड खुपसून हसत राहायचे, पोट दुखेपर्यंत. इतर मुलांना शिट्टी वाजवता येते का विचारलं की ती वाजवून दाखवत. त्याला येत नसे, पण कागदाचा एकही आवाज न करता वहीचं पान उलटता यायचं, आणि ती विद्या त्याला आयुष्यात पुढं कुठंच उपयोगी पडली नाही. आई कपड्यांच्या घड्या घालता घालता ओठांतल्या ओठांत म्हणायची,

दारीच्या उन्हा रे, पाय वाजवू नको,
रातीचा दमला जीव, त्याला जागवू नको.

हे ती कुणाला म्हणायची? उन्हाला, की त्यांना दोघांना? त्याला वाटायचं, ऊन म्हणजे आपलंच आणखी एक भावंड आहे, वांड, उंबऱ्यात उभं, आत यायला बघणारं. आणि आई त्यालाही बोट ओठांवर ठेवून गप्प करते. पुढे बाबा निवृत्त झाले, आई गेली, पंप आपोआप चालायला लागले, पण बाबांच्या अंगातली ती दुसरी रात्र काही गेली नाही. अजूनही ते उजाडल्यावर जेवून, थोडं हिंडून आडवे होत, आणि सगळं जग निजलं की खिडकीशी टक्क जागे बसून राहत. शरीर एकदा उलटं लावलं की परत सुलटं होत नाही, ते म्हणायचे, आणि आता कुणासाठी करू? ताईला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तिनं पाठवलेल्या माहितीत लिहिलं होतं, दिवे लवकर मालवतात, सकाळी सगळ्यांना एकदमच उठवतात, दुपारी विरंगुळा म्हणून गाणी आणि खेळ. हे वाचताना त्याच्या डोळ्यांपुढं चित्र आलं होतं. त्या पलंगावर बाबा रात्रभर छताकडे बघत पडलेले, आणि दिवसा, जेव्हा त्यांची रात्र असेल तेव्हा, कुणीतरी टाळ्या वाजवत त्यांच्या कानाशी गातं आहे.

“आज कुणीकडून उगवलास?” बाबांनी दार उघडलं. जेवण झालेलं होतं, अंघोळ झालेली होती, डोळ्यांत झोप उतरू लागली होती. “ऑफिसला दांडी?” “सुट्टी घेतली. फोन बघायचाय तुमचा.” “परत? अरे, तीनदा बघितलास. आता त्याला पोरगी दाखव आणि लग्न लावून दे.” तो हसला. खोली तशीच होती. पलंग तोच, भिंतीवर आईचा फोटो, कपाटाच्या मागे वायफायचा डबा, आणि डब्याच्या दिव्यांवर बाबांनी घातलेला हातरुमाल. डब्याला त्यानं चिकटवलेली चिठ्ठी अजून होती, हात लावू नये. बाबांनी अक्षरशः पाळलं होतं. हात न लावता नुसतं झाकलं होतं. “डोळे मिचकावतं ते,” बाबा म्हणाले, “माणसाला झोप कशी यायची?” फोन उशाशी फळीवर, चार्जरला लावलेला. उचलावासा वाटला, पण त्यानं हात मागे घेतला. तीनदा हेच झालं होतं. तो आला, उचलला, पडद्यानं हसून सांगितलं, जोडलेलं आहे. सगळ्या गोदामाला जे शिकवायचं ते त्यानं इथं येऊन विसरायचं, हे कसं? “बाबा, तुम्ही झोपा. मी इथं बसतो.” “नुसता बसतोस?” “हो. मी नाही असं समजा.” बाबांनी त्याच्याकडे जरा निरखून बघितलं.

बाहेरच्या खोलीत बसून त्यानं लॅपटॉप उघडला आणि बाबांच्या फोनला हाका मारायला सुरुवात केली. म्हणजे यंत्रानं यंत्राला मारायची हाक, आवाज नसलेली. आहेस का? आहे. आहेस का? आहे. पडद्यावर उत्तरांच्या ओळी खाली खाली सरकत होत्या. उघड्या दारातून त्याला आतली खोली दिसत होती. बाबांनी पडदे ओढले. मग ते खोलीभर फिरले, वाकून वाकून, गुडघ्यावर हात ठेवत. टेबलावरच्या दिव्याची पिन काढली, रेडिओची काढली, आणि शेवटी फळीपाशी येऊन चार्जरची काढली. वायर नीट गुंडाळून ठेवली. आणि तो चमकला. कारण हे बाबा करत नव्हते, आई करत होती. आईच करायची हे रोज, माणूस झोपलेलं असताना भिंतीत एकही पिन राहता कामा नये म्हणून. झोपेत घर गुणगुणायला नको, आणि आगबिग लागायला नको. ती गेल्यावर तिचं काम बाबांनी उचललं होतं, आणि त्याला कधी दिसलं नव्हतं, कारण तो नेहमी ते जागे असताना यायचा. फोन लावून दिला त्या दिवशी त्यानंच, बॅटरी जुनी आहे, फोन कायम चार्जरलाच असतो, असा हिशोब करून ‘झोपेत वायफाय चालू ठेवा’ या ओळीत ‘फक्त चार्जिंगला असताना’ असं निवडलं होतं. कायम! या घरात जन्म काढून त्यानं कायम म्हणावं! जगातल्या कुठल्याही माणसाच्या घरी तो हिशोब बरोबर आला असता, या एका घरात सोडून.

बाबांनी पाठ टेकली. आहेस का? आहे. फोनचा पडदा काळा झाला. आहे. मग थोडं थांबून, आहे. मग काहीच नाही. उत्तर नाही. उत्तर नाही. ओळी तशाच सरकत राहिल्या, पण आता त्या हाका नुसत्याच हवेत जात होत्या, आणि आत, हाताच्या अंतरावर, फोन आणि बाबा एकाच फळीच्या खालीवर निश्चिंत झोपले होते. त्याला इतका आनंद झाला की ताईला तिथल्या तिथं फोन करून ओरडून सांगावंसं वाटलं. पण ओरडायचं कसं? तो मांजरासारखा आत गेला, फोन उचलला, ‘नेहमी’ केलं, बॅटरी वाचवण्याच्या यादीतून त्याला मोकळं केलं, आवाज पूर्ण मोठा केला, आणि पिन न लावता परत ठेवला. पिनेला हात लावायचं त्याच्या मनातही आलं नाही. बाहेर येऊन बघत बसला. पडदा काळा झाला. आहे. लांबलं. आहे. पुन्हा लांबलं, त्याचा जीव खालीवर झाला; आहे. जागेपणी जशी भराभर येत तशी नव्हती ती उत्तरं, सावकाश येत होती, गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी, मधल्या थांब्यात काळजी वाटायला लावणारी, पण येत होती. मग त्यानं स्वतःच्या फोनवरून बाबांचा नंबर लावला.

फोन वाजला. त्या खोलीत दुपारी असला आवाज कधी वाजला नव्हता. आईनं बांधलेल्या चिंध्या, कोंबलेली फडकी, उशाखालच्या तारा, सगळ्यांच्या अंगावरून तो कर्कश आवाज धावत गेला, आणि त्याचं सगळं अंग लहान होऊन दाराआड लपलं. आता उठतील. आता. पण बाबा हलले नाहीत. कुशीसुद्धा बदलली नाही. फोन फळीवर थरथरत वाजत होता, आणि त्यांची छाती संथ वरखाली होत होती. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण काय सिद्ध करून बसलो आहोत. ताई म्हणत होती तेच. फोन चालू आहे आणि माणूस उठत नाही. लहानपणी सगळं घर याचसाठी तर झिजलं होतं, की जग कोसळलं तरी या माणसाची झोप मोडू नये. आई श्वास आवरून चालली, ती दोघं न ओरडता मोठी झाली, आणि आज, इतक्या उशिरा, ते सगळं फळाला आलं होतं. त्याला वाटलं, उठून जावं, खांद्याला धरून हलवावं, बाबा, बाबा म्हणावं. वाटलं, फोनचं जुनं होतं तसं करून ठेवावं आणि ताईला सांगावं, दुरुस्त होत नाही. निदान फोनकडे बोट दाखवता येईल. फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि शेवटी दमून थांबला.

“काय बंद पडलं?”

बाबा पलंगावर उठून बसले होते. डोळे पूर्ण उघडे, मान एका बाजूला कललेली. “काय बंद पडलं रे?” तो दारात उभा राहिला. “फोन,” तो म्हणाला, “वाजत होता. मीच केला होता.” “वाजत होता होय. वाजेना का. पण थांबला ना?” जणू वाजणं ही काही दखल घेण्याची गोष्टच नव्हती. आणि त्याला पंपघर आठवलं. एकदा रात्री, पाळी नुकतीच सुरू झालेली असताना, आई त्याला घेऊन गेली होती, बाबा छत्री विसरले होते म्हणून. ओळीनं उभे असलेले अजस्र पंप, त्यांच्या आरडाओरड्यानं जमीन, भिंती, दात, सगळं हलत होतं, आणि त्या आवाजाच्या ऐन मधोमध एका स्टुलावर, हनुवटी छातीवर टेकून, बाबा गाढ झोपले होते. तो घाबरून आईला बिलगला. आईनं हाक मारली, आणखी मोठ्यानं मारली, ऐकू कसली जाणार. मग कुठलासा पंप पाणी कमी ओढू लागला, त्याचा सूर जरा उतरला, इतका जरा की त्याला कळलासुद्धा नाही, आणि बाबा ताडकन उठून झडपेपाशी होते. मग दोघांना बाहेर सोडायला आले तेव्हा हसून म्हणाले होते, “ओरडतोय तोवर तो बरा आहे. गप्प झाला की मला जाग येते.” सगळं आयुष्य त्या घरानं आवाज दाबले होते, खिळ्याखिळ्यानं, चिंधीचिंधीनं, आणि या माणसाला आवाजानं जाग येतच नव्हती कधी. आईला हे ठाऊक होतं का? असावं. कदाचित ते सगळं बाबांना जाग येऊ नये म्हणून नव्हतंच. कुणाला इतका जीव लावला की त्याच्या झोपेभोवती काहीतरी करत राहावंसं वाटतं, एवढंच.

त्यानं चहा केला. मग, आता टाळून उपयोग नाही म्हणून, फोटो त्यांच्यापुढं धरला. बाबांनी चष्मा लावून, लांब धरून बघितला. “ताईनं बघितलीय ही?” “हो.” “स्वच्छ आहे. ही दोरी कसली?” “ओढली की कुणीतरी येतं.” “आणि नाही ओढली तर?” त्यानं बशी पुढं सरकवली. “दिवसा झोपू देतात का?” त्यानं मान हलवली, नाही. बाबा चहाचा कप फिरवत बसले. “बरं,” ते म्हणाले, “तुम्ही दोघं म्हणाल तसं.” हे ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज त्यानं आधी कधी ऐकला नव्हता. हा माणूस भांडायचा, चिडायचा, महापालिकेच्या साहेबांशी दोन हात करायचा. आणि आता कुणाच्या तरी घरी पाहुणा गेल्यासारखा, कप कुठं ठेवू विचारावं तसं म्हणत होता, म्हणाल तसं. सूर उतरला होता. अगदी जरासा. त्याला तो ऐकू आला.

गल्लीच्या तोंडाशी येऊन त्यानं ताईला फोन केला, आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. पिनेचं, फोन वाजला त्याचं, ते उठले नाहीत त्याचं. “म्हणजे मी म्हणत होते तेच,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. “पुढचं ऐक. थांबला तेव्हा उठले. आजवर तुझा फोन तिथं पोचलाच नाही ताई, वाजलाच नाही, मग थांबणार कुठून? तू वाजवायचा, शेवटपर्यंत वाजवायचा, आणि मग गप्प बसायचं. लागोपाठ करायचे नाहीत.” “हे तू मला आत्ता बनवून सांगतोयस.” “उद्या दुपारी तूच कर. मी तिथं नसेन.” “आणि नाही आला त्यांचा फोन, तर?” “तर मी स्वतः सामान बांधतो त्यांचं,” तो म्हणाला. “शपथ?” “शपथ.” मग ताई शाळेत बोलते तशी म्हणाली, “ठीक आहे. उद्या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गोदामात टेबलाशी बसला होता आणि एकही यंत्र त्याच्या हातून उघडत नव्हतं. काल त्यानं लांबून बघायची सोय करून ठेवली होती, त्यामुळे समोर लॅपटॉपवर बाबांचा फोन श्वास घेत होता, आहे, आहे, आणि त्यापलीकडचं काहीच दिसत नव्हतं. त्या फळीच्या खाली पलंगावर काय चाललंय, हे कुठल्याही पडद्यावर येत नाही. मावशी येऊन उभी राहिली, त्याचा चेहरा बघून आल्या पावली निघून गेली. फोन वाजला. ताई.

“वाजला,” ती म्हणाली, “संपेपर्यंत वाजला. नाही उचलला रे.”

“ताई, फोन ठेव.”

“अरे पण...”

“ठेव म्हणतो ना. तुझी लाइन मोकळी ठेव.”

तिनं ठेवला. फडताळांच्या बोळांतून गाडा ढकलल्याचा आवाज येत होता, कुठंतरी चिकटपट्टी करकरत फाटत होती, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. तो सगळा आवाज त्याला पाहिजे होता. तो थांबू नये असं वाटत होतं. त्यानं डोळे मिटले तर बाबा कुशीवर दिसले, मान कललेली, आणि मग काही दिसेना. आणखी थोडं थांबू. ते उठतील, चष्मा शोधतील, तो नेहमी उशीखाली जातो. मग बटण शोधतील. तो स्वतःशी असली कारणं मोजत राहिला, आणि कारणं संपली, आणि तरी फोन गप्पच होता. त्याला ती चादर दिसली, कडक घडीची. आपण बांधलेलं सामान दिसलं. त्यात रेडिओ घ्यायचा का, तिथं चालेल का, असलं काहीतरी मनात आलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. त्यानं उचलला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

“ताई?”

“आला.” तिचा आवाज ओला होता. “आला रे त्यांचा.”

“काय म्हणाले?”

“ओरडले. काय ओरडले! म्हणाले, शाळाभर पोरं सांभाळणाऱ्या बाईला एवढी अक्कल नाही, माणूस ऐन झोपेत असतं या वेळी? म्हणाले, वाजवायचा तर वाजवायचा, मध्येच थांबवतेस कशाला, माझा जीव उडाला. परत केलास तर बघ म्हणाले. आणि धाडकन आपटला.” ती नाक पुसत होती. शाळेतली घंटा तिच्या मागं कुठंतरी झाली, पोरांचा कल्लोळ उठला, पण ती हलली नाही. “बारक्या, त्या खोलीवाल्यांना मी आत्ताच नाही म्हणून कळवते,” ताई म्हणाली. “इथं सगळे मला भितात. मला ओरडणारं दुसरं आहे कोण?”